निळ्या ठिपक्याची भक्ती

डोंगरात वाट शोधणे हे आता शिकण्याचे काम राहिलेले नाही, असे मत गेल्या दहा-बारा वर्षांत सह्याद्रीत फिरणाऱ्यांमध्ये पक्के रुजले आहे. त्याची मांडणी साधारण अशी: प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, फोनमध्ये जीपीएस आहे, आपल्या आधी कोणीतरी तोच ट्रेक करून त्याचा ट्रॅक टाकून ठेवला आहे. तो उतरवून घ्यायचा आणि पडद्यावरचा निळा ठिपका रेघेवर ठेवत चालायचे. नकाशा वाचणे हे लष्कराचे काम, होकायंत्र ही शाळेच्या प्रयोगशाळेतली वस्तू, आणि गावात वाट विचारणे म्हणजे वेळ घालवणे, कारण ‘गाववाल्यांना अंतर सांगता येत नाही’. परदेशी जाणारे याहून निश्चिंत असतात. तिकडे पायवाटांवर पाट्याच पाट्या, मग फोनही कशाला? शहरातल्या टेकड्यांचा तर विषयच नको. शहरात कोण वाट चुकतो?

यातले एकही विधान डोंगरात उभे राहून तपासले तर टिकत नाही.

सुरुवात ठिपक्यापासूनच करावी. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले की फोन आपली जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली ही जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते. यंत्राची करामत थोरच आहे, पण ती सांगते इतकेच, की फोन अमुक ठिकाणी आहे. त्या ठिकाणाहून पुढे पाय कुठे टाकायचा, हे उपग्रहाला ठाऊक नसते. शिवाय पाच मीटरला सगळीकडे सारखी किंमत नसते. पठारावर पाच मीटर म्हणजे वाटेची ही बाजू की ती. कड्याच्या पोटातून आडवी जाणारी वाट असेल, तर पाच मीटर म्हणजे वाट की दरी. नाळेत गोष्ट आणखी बिघडते. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, वर आकाशाची चिंचोळी पट्टी, दिसणारे उपग्रह मोजके, आणि जे दिसतात त्यांचे संकेत भिंतीवर आपटून वळसा घेऊन येणारे. बोराट्याच्या नाळेसारख्या ठिकाणी ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारू लागला, तर त्यात फोनचा दोष नाही. दोष त्या जागी ठिपक्यावर विसंबणाऱ्याचा. अचूकता जिथे सर्वाधिक हवी तिथेच ती सर्वांत कमी मिळते, ही साधी गोष्ट भक्तांच्या हिशेबात येत नाही.

सह्याद्रीची घडणही या भक्तीला अनुकूल नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर उभा राहिला. त्यामुळे त्याच्या अंगाला पायऱ्या पडल्या आहेत: उभा कातळ, मग झाडीने भरलेला पदर, पुन्हा उभा कातळ. कोकणातून घाटमाथ्यावर कुठूनही चढता येत नाही. जिथे कातळाचा पट्टा फुटला आहे अशी एखादी नाळ, एखादी उतरती सोंड, नाहीतर कोणीतरी खोदून ठेवलेल्या पायऱ्या, एवढ्याच जागी वाट असते. नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळापासून तिथेच आहे, कारण तिला दुसरीकडे जागाच नाही. अशा डोंगरात ‘ठिपका रेघेपासून थोडाच लांब आहे, सरळ खाली उतरून रेघ गाठू’ हा विचार घातक ठरतो. वरून उतरणाऱ्याला पायाखालचा कडा दिसत नाही. उतार दिसतो, त्याखालची झाडी दिसते, झाडीपलीकडे गावातले दिवे दिसतात आणि मधला शंभर-दीडशे फुटांचा कातळ नेमका दृष्टीआड राहतो. पाण्याच्या काठाने गेले की वस्ती लागते, हा मैदानी मुलखातला सल्लाही इथे उलटतो. सह्याद्रीतला ओढा धरून खाली गेलेला माणूस बहुधा धबधब्याच्या माथ्यावर पोचतो.

आता त्या प्रसिद्ध ट्रॅकविषयी. ट्रॅक म्हणजे एका माणसाने एका दिवशी टाकलेल्या पावलांची नोंद. तो माणूस वाट जाणणारा होता का? की तोही कोणाच्या मागे चालला होता? मध्ये तो चुकला, अर्धा तास करवंदीच्या जाळीत घुसला आणि परत आला, हे त्याने रेघेतून पुसून टाकले की तसेच ठेवले? पडद्यावर सगळी रेघ एकाच रंगाची दिसते. ऋतूचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात ओढ्याच्या कोरड्या पात्रातून नोंदवलेली वाट जुलैत पाण्याखाली असते. पावसाळा संपताना गवत कमरेच्या वर जाते आणि चांगली मळलेली वाटही त्यात बुडते. उन्हाळ्यात वणवा लागून गेला की उलटा प्रकार होतो: उघड्या पडलेल्या उतारावर दहा ढोरवाटा वाटेसारख्याच ठसठशीत दिसतात. ढोरवाट सुरुवातीला रुंद आणि स्वच्छ असते, चरण्याच्या किंवा पाण्याच्या जागी पोचली की फाटे फुटून विरते. हे पायांना आणि डोळ्यांना कळते. ज्याचे डोळे पडद्याला चिकटले आहेत त्याला ढोरवाट विरल्याचे तेव्हाच कळते, जेव्हा करवीच्या दाटीत पुढे सरकायला जागा उरत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘मग मोठ्या कंपनीचा नकाशा वापरा, तो तरी खरा असेल.’ स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. ब्रिटनचे हे सर्वोच्च शिखर १,३४५ मीटर उंच. जुलै २०२१ मध्ये जॉन म्युर ट्रस्ट आणि माउंटेनिअरिंग स्कॉटलंड या संस्थांनी जाहीर इशारा दिला, की पायथ्यापासून शिखराकडे गुगल मॅप्स जी वाट सुचवते ती जीवघेणी ठरू शकते. शिखराला सर्वांत जवळचा वाहनतळ शोधायचा आणि तिथून ठिपक्याठिपक्यांची रेघ वर न्यायची, एवढाच त्या सूचनेमागचा विचार. मधली चढण कसली आहे, याच्याशी रेघेला कर्तव्य नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅनडात, व्हँकुव्हरलगतच्या माउंट फ्रॉमवर, अस्तित्वातच नसलेली पायवाट याच नकाशावर दाखवली जात होती आणि तिच्यामागे गेलेल्यांना सोडवायला बचाव पथकाला जावे लागले. चुका नंतर दुरुस्त झाल्या. पण ज्या देशांत डोंगरांचे बारकाईने केलेले नकाशे आहेत तिथे ही गत, तर रतनगडाच्या रानातली रेघ कोणी तपासली असेल?

त्याच बेन नेव्हिसवर धुक्यात उतरायचे कसे, याचे उत्तर मात्र दोन आकड्यांत आहे. शिखरावरच्या सर्वेक्षणाच्या खांबापासून नकाशावरच्या उत्तरेच्या हिशेबाने २३१ अंशांवर १५० मीटर चालायचे, मग २८२ अंशांवर वळायचे. पहिला टप्पा पावले मोजून चालावा लागतो, कारण एका बाजूला गार्डीलू गलीचा कडा आहे आणि पुढे दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर गलीचा. यासाठी लागते होकायंत्र, आपली पावले शंभर मीटरला किती पडतात याची सवयीने झालेली ओळख आणि डोके. तिन्हींना चार्जिंग लागत नाही. महाराष्ट्रात तर होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इतका किरकोळ आहे, की नवशिक्याने तो सोडून दिला तरी चालते. तरीही सॅकमध्ये दोन पॉवर बँक घेऊन जाणारा माणूस काड्यापेटीएवढ्या होकायंत्राचे ‘ओझे’ टाळतो.

चार्जिंगचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर केलेला बरा. अनेकांना वाटते, नेटवर्क गेले की जीपीएस गेले. तसे नाही. उपग्रहाचे संकेत घ्यायला मोबाईलचा टॉवर लागत नाही. पण आधी उतरवून न ठेवलेला नकाशा नेटवर्कशिवाय उघडत नाही, मग कोऱ्या करड्या पडद्यावर एकटा निळा ठिपका लुकलुकत राहतो. दरीत टॉवर शोधत राहिलेला फोन बॅटरीही भराभर पितो. विमानातला मोड चालू केला तर ती टिकते आणि जागाही कळत राहते, हे फोनवर पूर्ण विश्वास टाकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? भर पावसात ओल्या पडद्यावर ओले बोट चालत नाही, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असते; पावसाळी ट्रेकला निघताना आठवत नाही इतकेच. तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाणाऱ्या लांबलचक माथ्यावर जुलैतले धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, टेकाडामागून सारखेच टेकाड येते आणि कपडे, हात, फोन सगळेच निथळत असते. त्या जागी चकवा लागला असे म्हणण्याची रीत आहे. चकव्याला बिचाऱ्याला काय बोल लावायचा?

नकाशाकडे वळावे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ची. त्याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे, म्हणजे जमिनीवरच्या एका किलोमीटरला कागदावर दोन सेंटिमीटर, एकेकाळी मिळवायला खेटे घालावे लागत. २०१७ पासून या मालिकेतले हजारो नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. ‘ते जुने असतात, त्यांत नवीन रस्ते नसतात’ ही तक्रार खरी आहे आणि अगदीच निरुपयोगी आहे. रस्ते बदलतात, डोंगराची सोंड बदलत नाही. समोच्च रेषा दाट झाल्या की चढ उभा, विरळ झाल्या की पठार. रेषांचे टोक उताराकडे निघाले की सोंड, चढाकडे शिरले की ओढ्याची घळ. एवढे कळले तरी घरी टेबलावर बसून उद्याच्या ट्रेकमध्ये चढ कुठे छातीवर येणार आणि कोणत्या खिंडीत थांबून विचार करावा लागणार हे समजते. तळहाताएवढ्या पडद्यावर हे दिसत नाही, कारण तिथे एका वेळी एकच तुकडा दिसतो. कागदी नकाशालाही मर्यादा आहेत. वीस मीटर अंतराच्या दोन समोच्च रेषांमध्ये पंधरा मीटरचा कातळटप्पा सहज लपतो. तो टप्पा कुठे आहे आणि कुठल्या अंगाने चुकवायचा, हे सांगणारा माणूस पायथ्याच्या गावात राहतो.

हा माणूस खोटे किंवा चुकीचे सांगतो, हा सगळ्या मतातला सर्वांत कोता भाग. विचारणारा विचारतो, “दादा, ही वाट गडावर जाते का?” उत्तर येते, “हो.” त्यात चूक काय? ज्याचे अख्खे आयुष्य त्या रानात गेले त्याच्यासाठी तिथली प्रत्येक वाट फिरून गडावर जातेच. प्रश्नच असा, की त्याला ‘हो’शिवाय उत्तर नाही. विचारायला हवे ते वेगळेच: गडावर जायला कुठली वाट धरायची, ओढा कितीदा ओलांडायचा, वर जाताना डोंगर कुठल्या हाताला ठेवायचा, पाणी कुठे आहे, आणि या सगळ्यांहून महत्त्वाचे, माणसे चुकतात ती जागा कुठली. या शेवटच्या प्रश्नावर समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरा खुलतो. “आंब्यापाशी दोन वाटा फुटत्यात. सरळ जाऊ नका, ती ढोरांची. आंब्याच्या मागनं वर चढा, कातळात पावठ्या हायेत.” असल्या दोन वाक्यांत जेवढी माहिती असते तेवढी कुठल्याही ट्रॅकमध्ये नसते, कारण ट्रॅकमध्ये बरोबर वाट असते, चुकीची वाट कशी दिसते ते नसते.

राहिला ‘हे काय, अर्ध्या तासावर’ हा शहरी विनोदाचा आवडता विषय. तो अर्धा तास सांगणाऱ्याच्या पायांचा आहे आणि त्याच्या पायांपुरता तंतोतंत खरा आहे. ऐकणाऱ्याने आपल्या पायांनी गुणायचे. फोन काय वेगळे करतो? तो म्हणतो ‘४ किलोमीटर’, आणि सपाटीवरचा हिशेब लावून तासाभराच्या आत पोचाल असे सुचवतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच ठोकताळा घालून दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. चार किलोमीटरच्या वाटेत नऊशे मीटर चढ असेल, तर हे सव्वादोन तासांचे काम आहे, तेही न थांबता आणि धडधाकट माणसाला. फोनच्या पाऊण तासाला कोणी खोटे म्हणत नाही, म्हाताऱ्याच्या अर्ध्या तासावर मात्र पिढ्यानपिढ्या हसतात. वाटाड्या म्हणून गावातला एखादा पोरगा बरोबर घ्या म्हटले, तर पायात काही हजारांचे बूट घातलेल्यांना त्याचे पैसे जड वाटतात. वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री बॅटऱ्या घेऊन बचाव पथकाच्याही आधी बाहेर पडतो तो बहुधा हाच पोरगा, आणि तेव्हा त्याला कोणी दर विचारत नाही.

‘तिकडे पाट्या असतात’ हे विधान सगळ्यांत रुबाबात केले जाते. असतात. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५,००० किलोमीटरच्या पायवाटांवर पिवळ्या पाट्या आहेत, कारण १९७९ मध्ये तिथल्या मतदारांनी पायवाटा थेट राज्यघटनेत घातल्या आणि १९८५ मध्ये त्यांसाठी कायदा झाला. पाटीच्या मागे कायदा, पैसा आणि दुरुस्ती करणारी माणसे आहेत. पण तीही वाचावी लागते. पिवळी खूण साध्या वाटेची, पांढरी-लाल-पांढरी डोंगरी वाटेची, आणि पांढरी-निळी-पांढरी अशा वाटेची, जिथे बर्फ आणि कातळ ओलांडता येणाऱ्यानेच जावे. पाटीवर किलोमीटर नसतात, वेळ असते, आणि तीत विश्रांती धरलेली नसते. तिन्ही रंगांत एकच ‘चला’ वाचणारा प्रवासी पाट्यांच्या देशातही अडकतो. हाँगकाँगमध्ये १९७९ साली खुल्या झालेल्या १०० किलोमीटरच्या मॅक्लेहोज ट्रेलवर दर पाचशे मीटरला क्रमांकाचा खांब आहे. मदत मागताना तो क्रमांक सांगितला की जागा कळते. खांब शेजारून गेला आणि क्रमांक पाहिलाच नाही, तर त्याचा उपयोग काय?

आपल्याकडे याची नक्कल म्हणून दगडांवर बाण रंगवण्याची टूम निघाली. एका संस्थेचे पांढरे, दुसरीचे लाल, तिसरीने त्यावर आपले नाव घातलेले. बाण कुठे नेतो हे त्यावर लिहिलेले नसते. दोन गडांच्या वाटा जिथे एकत्र येतात तिथे दोन्हींचे बाण एकाच झाडाखाली भेटतात. वर जाताना दिसणारा बाण उतरताना दगडाच्या पाठीमागे जातो, आणि वाट चुकण्याचे प्रसंग जास्त येतात ते उतरतानाच, थकलेल्या पायांनी, मावळतीला. दोन पावसाळ्यांत शेवाळ चढते, दरड खाली येते, दगड बाणासकट फिरतो. दुरुस्तीला कोणीच बांधलेले नसते. संरक्षित गडाच्या तटावर रंग फासणे कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट तर बाणवाले ऐकूनच घेत नाहीत. ज्या पाटीला धनी नाही ती असण्यापेक्षा नसलेली बरी. नसेल तर माणूस निदान थांबून इकडेतिकडे पाहतो.

उरले शहर. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज हजारो पाय फिरतात, म्हणूनच तिथे वाटांचे जाळे आहे आणि सगळ्याच वाटा सारख्या मळलेल्या आहेत. तिथे कोणी रानात हरवत नाही. पंचवटीला उतरायचे ते पाषाणला उतरतात आणि रिक्षा करून परत येतात. नुकसान थोडे, म्हणून सवय लागते: कुठलीही वाट धरा, कुठेतरी निघतेच. हीच सवय घेऊन माणसे पौर्णिमेच्या रात्री जुन्या कात्रज बोगद्यापाशी जमतात आणि सिंहगडाकडे निघतात. ती डोंगरधार एकामागून एक टेकड्यांची आहे आणि प्रत्येक टेकडीवरून दोन्ही बाजूंना सोंडा उतरतात. चांदण्यात सोंड आणि धार यांतला फरक पटकन कळत नाही. समोर सिंहगडाच्या मनोऱ्याचा दिवा दिसतो म्हणून सरळ त्याच्या रोखाने उतरू लागलेला गट धार सोडून दरीत जातो. वेताळ टेकडीवर असे उतरले की रिक्षा मिळते. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तीन बाजूंनी वस्तीने वेढलेले आहे, पण आत शंभरावर चौरस किलोमीटर जंगल आहे आणि त्यात बिबटे आहेत. कान्हेरीच्या पुढे ठिपक्याच्या भरवशावर परवानगीशिवाय घुसणाऱ्याला शहर किती जवळ आहे याचा उपयोग नसतो. उंच इमारतींच्या गल्ल्यांत तर जीपीएसची नाळेतल्यासारखीच फसगत होते. तिथे निदान कोपऱ्यावरच्या पाटीवर रस्त्याचे नाव असते.

फोन घरी ठेवा असे यातले काहीच सांगत नाही. नकाशा आधी उतरवून घेतलेला, विमानातल्या मोडमध्ये ठेवलेला, पिशवीत कोरडा राहिलेला फोन ही खिंडीत थांबून स्वतःचा अंदाज तपासायची चांगली सोय आहे, आणि ११२ला फोन लावण्यापुरती बॅटरी शिल्लक असली तर जीवही वाचवते. पण तपासायला आधी अंदाज हवा. सूर्य कुठे आहे, धार कुठे चालली आहे, शेवटची खात्रीची जागा कोणती आणि ती सोडून किती वेळ झाला, याची उत्तरे ज्याच्याकडे आहेत तो वाट चुकला तरी शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे फिरतो. ज्याच्याकडे फक्त ठिपका आहे तो पुढेच जात राहतो, कारण ठिपक्याला मागची वाट आठवत नाही.

शनिवार-रविवारी बसभर माणसे गोळा करून गडावर नेणाऱ्यांमध्ये आज ट्रॅक उतरवून पुढे चालणाऱ्यालाच लीडर म्हणतात. मागच्या तीस-चाळीस जणांपैकी कित्येक जण पहिल्यांदाच डोंगर पाहत असतात आणि त्यांनी विश्वास फोनवर नव्हे, त्याच्यावर टाकलेला असतो. ज्याला फोन बंद करून आल्या वाटेने परत उतरता येत नाही, त्याने दुसऱ्या कोणाला डोंगरात नेऊ नये. पैसे घेऊन तर मुळीच नेऊ नये.